टिक म्हणजे बदललं नव्हे

लांबलचक उतार होता. मागच्या सीटवर आई झोपलेली, शेजारी मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. पंधराएक मिनिटं मी ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी उतरवत होते. एका वळणाआधी पेडल दाबलं, तर ते नेहमीच्या जागी थांबलंच नाही. आणखी खाली गेलं, ओल्या उशीवर पाय पडावा तसं. भराभर दोन-तीनदा दाबल्यावर गाडीने थोडं धरलं. मी दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेच्या मोकळ्या जागेत नेली. मुलीने मान वर करून विचारलं, “का थांबलो?” म्हटलं, “पाय मोकळे करायला.”

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट. जणू काही झालंच नव्हतं. खरं सांगायचं तर मला आधीपेक्षा त्या घट्ट पेडलची जास्त भीती वाटली. उरलेला उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न ऐकत उतरले.

सर्व्हिसिंग होऊन तेव्हा बरोबर सहा आठवडे झाले होते. तेही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, जिथून गाडी घेतली त्याच डीलरकडे. पाच वर्षांत एकही सर्व्हिसिंग चुकवलेलं नाही. एकदा ताप होता तरी गाडी देऊन आले होते. आणि बिलासोबत मिळालेल्या तपासणीच्या कागदावर ‘ब्रेक ऑइल’ या शब्दांपुढे छान, ठसठशीत टिक होती.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वैताग तिथूनच येतो. मी ऑडिटमध्ये काम करते. बावीस वर्षं झाली. दुसऱ्यांच्या हिशेबांवर टिका करायच्या आणि मग टीका करायची, हेच माझं पोट भरण्याचं साधन. नव्याने आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात बजावते, की टिक कशाची आहे ते शेजारी लिहा. बिल नजरेखालून घातलं याची टिक वेगळी, बेरीज करून पाहिली याची वेगळी, आणि माल गोदामात खरंच आहे हे स्वतः जाऊन पाहिलं याची वेगळी. नुसत्या टिकेला काही अर्थ नसतो. आणि हीच बाई पाच वर्षं डीलरच्या टिका बघून समाधानाने फाइल बंद करत होती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सगळी बिलं जेवणाच्या टेबलावर पसरली. एकूण सहा. पहिलं १,००० किलोमीटरचं, मग दर वर्षाचं एक. एक्सेलमध्ये उभे रकाने सर्व्हिसिंगचे केले, आडव्या ओळी कामांच्या. इतरांची करते तशी स्वतःच्या गाडीची पडताळणी करायला बसले. मुलगी येऊन बघून गेली आणि “आता त्यांचं काही खरं नाही” एवढंच बोलली.

इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर: दर वर्षी बदललेलं. इथे तक्रार नाही. इंजिन फ्लशिंग, म्हणजे बाटलीतलं द्रव ओतून इंजिन आतून धुणं: सहापैकी चार वेळा. एसीचं ‘डिसइन्फेक्शन’: चार वेळा. इंजेक्टर क्लीनिंग: दोनदा. गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून कोटिंग: दोनदा, आणि पहिल्या वेळी ‘पाच वर्षं बघायला नको’ असं सांगून केलेलं. डॅशबोर्डचं पॉलिश: दर वेळी. ब्रेक ऑइल: दोनदा ‘टॉप-अप’. बदललं? कुठेच नाही. कूलंट: एकदा टॉप-अप. टायर रोटेशन, म्हणजे पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल: कुठेच नाही, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे पैसे मात्र दर वर्षी.

मग ग्लोव्ह बॉक्समधून गाडीचं पुस्तक काढलं. प्लॅस्टिकचं कव्हर अजून चिकटपट्टीसकट होतं. ते फाडताना जी लाज वाटली ती इथे कबूल करते. कोणाचाही करार असो, मी आधी शेवटची पानं आणि तळटिपा वाचते. स्वतःच्या घरातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या महागड्या वस्तूचं पुस्तक मात्र पाच वर्षांत उघडलं नव्हतं.

पुस्तकात मागे एक तक्ता आहे. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकांत असतो. वर किलोमीटर आणि त्याखाली महिने, डावीकडे कामं, आणि चौकटींमध्ये फक्त दोन अक्षरं: ‘आय’ आणि ‘आर’. आय म्हणजे तपासा, आर म्हणजे बदला. माझ्या गाडीच्या तक्त्यात ब्रेक ऑइलसमोर ‘आर’ होतं ते ४०,००० किलोमीटर किंवा २४ महिने, यांपैकी जे आधी होईल त्याला. माझी गाडी पाच वर्षांत ३४,००० चालली आहे. म्हणजे किलोमीटरच्या हिशेबाने ते ऑइल अजून कोवळं, आणि महिन्यांच्या हिशेबाने ते दोनदा बदलून तिसऱ्यांदा बदलायची वेळ जवळ आलेली.

आता हे ऑइल महिन्यांवर का मोजतात, हे मला त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नसतं. नेहमीच्या गाड्यांत ते ग्लायकॉलपासून बनवलेलं असतं आणि हवेतलं पाणी शोषून घेणं हा त्याचा स्वभावच आहे. ब्रेकच्या रबरी नळ्यांमधून, टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून ओलावा आत शिरत राहतो. गाडी चालो वा पार्किंगमध्ये उभी राहो. डॉट ४ जातीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलेल्या अवस्थेत हाच किमान आकडा १५५ अंशांवर येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवले की चाकाजवळची उष्णता ऑइलपर्यंत पोचते. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबून लहान होत नाही, वाफ मात्र दबते. म्हणजे आपल्या पायाचा जोर बुडबुडे चेपण्यात जातो, चाकापर्यंत पोचतच नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, पेडल पुन्हा घट्ट. माझा तो अर्धा तास.

(उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणं ही माझीच चूक. गिअर खाली घेऊन इंजिनाला गाडी धरू द्यायची असते, हे मला शिकवणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ताज्या ऑइलने माझी ती चूक बहुधा पोटात घातली असती.)

आणि ते ‘टॉप-अप’ प्रकरण तर त्याहून वाईट निघालं. ब्रेक ऑइलची पातळी आपोआप कमी होत नाही. ब्रेक पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन पुढे सरकतात, तिथे जास्त ऑइल जातं, म्हणून टाकीतली पातळी उतरते. नाहीतर कुठेतरी गळती असते. म्हणजे उतरलेली पातळी हा निरोप असतो, की बाबा, पॅड बघा. माझ्या गाडीत दोनदा निरोप आला आणि दोन्ही वेळा वरून ऑइल ओतून तो पुसून टाकला गेला. हिशेब जुळत नाही म्हणून फरकाच्या रकमेची एक खोटी नोंद टाकून ताळेबंद जुळवावा, तसं. असली नोंद सापडली की मी संपूर्ण खातं उघडायला लावते.

सोमवारी रजा टाकून सर्व्हिस सेंटरला गेले. फोनवर आधी सगळं सांगितलं होतं. पलीकडची मुलगी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “मॅडम, घरी सर असतील तर टेक्निकल बोलणं त्यांच्याशी करून घेते.” सर घरी होते. सरांना बोनेट कुठून उघडतं हे अजून शोधावं लागतं. पण जाऊ दे, तो वेगळा विषय आहे.

माझा सर्व्हिस ॲडव्हायझर नवा होता. पाच वर्षांतला हा पाचवा. पंचविशीचा, शर्टाच्या खिशात तीन पेनं, हातात टॅब. सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान त्याच्यासमोर पंधरा तरी गाड्या लागलेल्या. मी एक्सेलचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला, हे त्याचं विशेष. आधीच्या चौघांपैकी कोणी वाचला असता असं वाटत नाही.

“मॅडम, ब्रेक ऑइल चाळीस हजाराला येतं. तुमची गाडी चौतीसला आहे.”

“पुस्तकात चाळीस हजार किंवा चोवीस महिने लिहिलंय.”

“हो, पण आमची सिस्टिम किलोमीटर टाकल्यावर पॅकेज दाखवते. त्यात ड्यू आलं नाही.”

“तुमच्या सिस्टिमला गाडी कधी विकली ते माहीत आहे ना? इन्शुरन्स संपायच्या दोन महिने आधीपासून मला फोन येतात.”

त्याने हसू दाबलं आणि मान खाली घालून टॅबवर बोट फिरवत राहिला.

ऑइल तपासायला त्यांच्याकडे पेनसारखं एक यंत्र असतं. टाकीत टोक बुडवलं की दिवे लागतात: हिरवा, पिवळा, लाल. ऑइलमध्ये पाणी किती मुरलंय त्याचा साधारण अंदाज येतो. हे यंत्र सर्व्हिस सेंटरमध्येच होतं. मागवावं लागलं नाही, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. टोक बुडवलं, लाल दिवा. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मेकॅनिककडे, मेकॅनिकने छताकडे.

“मग मागच्या वेळी याच्यापुढे टिक कशाची केली होती?”

“लेव्हल चेक केल्याची, मॅडम.”

म्हणजे टिक खोटी नव्हती. पातळी खरंच बघितली होती, बरोबर होती, कारण त्यांनीच वरून ओतलं होतं. मला तिथे एका क्षणात राग आणि व्यावसायिक कौतुक दोन्ही वाटलं. असं धडधडीत खरं बोलून दिशाभूल करणारे कागद तयार करणाऱ्या कंपन्यांना मोठमोठे सल्लागार ठेवावे लागतात.

मॅनेजर आले. त्यांनी ‘गुडविल म्हणून’ गाडीची आतून मोफत स्वच्छता देऊ केली. मी म्हटलं, स्वच्छतेबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. खरंच नव्हती. ग्राहकांना बसायच्या एसी खोलीला मोठी काच आहे. त्या काचेतून फक्त गाड्या धुण्याचा रॅम्प दिसतो. फेस, पाण्याचे फवारे, शेवटी फडक्याने पुसणारी दोन मुलं. लिफ्टवर चढवलेल्या गाड्या मागच्या शेडमध्ये असतात, तिथे ‘ग्राहकांना प्रवेश नाही’. मी पाच वर्षं त्या काचेसमोर बसून गाडीची नीट देखभाल होताना बघत होते.

त्या दिवशी हट्टाने मागच्या शेडमध्ये गेले. ब्रेक ऑइल बदलताना बघितलं. टाकीतून जुनं ऑइल ओढून घेतात, नवं भरतात, मग एकेका चाकाजवळचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून, आत एकाने पेडल दाबायचं आणि बाहेर दुसऱ्याने ऑइल सोडायचं असं करत नळ्यांमधलं जुनं ऑइल आणि हवा काढतात. चारही चाकांना. दोन माणसं गुंततात, पाऊण तास जातो. नवं ऑइल फिकट पिवळसर, जवळपास पारदर्शक. माझ्या गाडीतून निघालेलं गढूळ तपकिरी होतं. मेकॅनिक बाटली उजेडात धरून म्हणाला, “ह्याचं वय झालं होतं, ताई.” संपूर्ण इमारतीत गाडीबद्दल सरळ वाक्य बोललेला तो पहिला माणूस.

गाडी खाली उतरत असताना ॲडव्हायझरला विचारलं, की फ्लशिंग चारदा झालं आणि हे एकदाही नाही, असं का? पुस्तकात फ्लशिंगचा उल्लेखसुद्धा नाही. तो आधी इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, फ्लशिंगची बाटली ओतायला पाच मिनिटं. ह्याला दोन माणसं अडकतात. आणि महिन्याच्या टार्गेटमध्ये आमच्या बाटल्या मोजतात.” जरा थांबून, “मीटिंगमध्ये ब्रेक ऑइल कोणी विचारत नाही.”

त्याच्यावर मला चिडता आलं नाही. चिडायचं होतं, खूप तयारी करून गेले होते. पण सकाळी पंधरा गाड्या, प्रत्येकाला ‘संध्याकाळी पाचला गाडी हवी’, वर बाटल्यांचा आकडा. यात २४ महिन्यांची तळटीप कोण वाचणार? ती वाचणं माझ्या हातात होतं, आणि माझं पुस्तक कव्हरमध्ये होतं.

त्याच पुस्तकात आणखी एक पान आहे, ते वाचून जास्त धक्का बसला. ‘खडतर वापर’ असा मथळा. मला वाटायचं खडतर म्हणजे डोंगर, वाळवंट, शर्यती. यादीत काय होतं? वारंवार छोटी अंतरं, थांबत-थांबत जाणारी रहदारी, धूळ. माझं ऑफिस घरापासून चार किलोमीटर. रोज सकाळी थंड इंजिन सुरू करायचं, ते पुरतं तापायच्या आत बंद करायचं. इंजिन पुरेसं तापलं नाही की आत जमलेला ओलावा आणि ऑइलमध्ये उतरलेलं थोडंफार पेट्रोल उडून जात नाही, तिथेच साचतं. बॅटरीही सुरू करताना खर्च झालेली तेवढ्यात भरून निघत नाही. ‘माझी गाडी फार चालतच नाही, एकदम जपून वापरलेली आहे’ असं मी लोकांना अभिमानाने सांगायचे. पुस्तकाच्या मते मी तिला पाच वर्षं राबवत होते. या पानाप्रमाणे इंजिन ऑइलची मुदत निम्मी होते. मला हे कोणी सांगितलं नाही आणि ‘रोज किती चालते?’ असं कोणी विचारलंही नाही. सर्व्हिसिंगनंतर येणाऱ्या त्या फोनवर मात्र दर वेळी अनुभवाला दहापैकी किती गुण ते विचारतात, आणि आधीच सुचवून ठेवतात की दहाच द्या.

टायरचं थोडक्यात सांगते. रोटेशन न केल्याने पुढचे दोन मागच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट झिजले होते. स्टेपनीच्या कडेवर टायर कधी बनला ते सांगणारा चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिच्यात हवा किती होती ते लिहायलासुद्धा नको वाटतं.

पुष्कळांनी सांगितलं, डीलर सोड आणि बाहेरचा चांगला मेकॅनिक धर. दिराने तसंच केलं होतं. त्यांच्या माणसाने हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी ओतलं आणि रेडिएटरमध्ये गाळ झाला. दोघांकडेही चांगली आणि वाईट माणसं असतात. माझी वाढीव वॉरंटी अजून चालू आहे, म्हणून मी तूर्त तिथेच जाते. बदल एवढाच केला, की आता यादी माझी असते. पुस्तकातल्या तक्त्यावरून कामं टाइप करून नेते. प्रत्येकापुढे ‘तपासणे’ की ‘बदलणे’ हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि जॉब कार्डवर तेच शब्द उतरल्याशिवाय सही करत नाही. ‘तपासणे’ असेल तिथे आकडा मागते: पॅड किती मिलिमीटर उरले, बॅटरी किती व्होल्ट दाखवते. आकडा लिहायचा म्हटलं की माणसाला निदान वाकून बघावं लागतं. बदललेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगते. यादीबाहेरची कुठलीही बाटली उघडायची नाही, हे सर्वांत वर ठळक अक्षरांत.

आणि मी एक खोडसाळपणाही केला. एसीचा केबिन फिल्टर आधीच्या बिलात बदललेला होता, पण काढून बघितला तर काळाकुट्ट, घड्यांमध्ये वाळकी पानं. सहा आठवड्यांत एवढा? संशय आला, पण पुरावा नव्हता. म्हणून नवा आणून स्वतःच बसवला. ग्लोव्ह बॉक्स सोडवला की मागेच असतो, पाच मिनिटांचं काम. बसवण्याआधी त्याच्या कडेला पेन्सिलीने माझी बारीक हिरवी टिक केली. गेल्या महिन्यात वर्षाचं सर्व्हिसिंग होतं. यादीत लिहिलं: केबिन फिल्टर, बदलणे.

संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली आणि पार्किंगमध्येच ग्लोव्ह बॉक्स उघडला. मनातल्या मनात मॅनेजरसमोरचं भाषण तयार होतं. फिल्टर ओढून काढला. टिक नव्हती. फिल्टर कोरा, पांढराशुभ्र. जुना, माझ्या हिरव्या टिकेसकट, डिकीत पिशवीत ठेवलेला. इतके दिवस घोटून ठेवलेला संशय गिळून मी नवा परत बसवायला घेतला, आणि कडेवरचा बाण दिसला. हवा कुठल्या दिशेने जाते ते दाखवणारा. त्यांनी फिल्टर उलटा बसवला होता.

आत जाऊन सांगावं असं क्षणभर वाटलं. शटर अर्धं खाली आलं होतं. मी फिल्टर सुलटा करून बसवला, ग्लोव्ह बॉक्स लावला आणि बिल काढून बघितलं. फिल्टर बसवण्याची मजुरी वेगळी लावली होती.